गाई ड्युटीवर आहेत

सिलिकॉन व्हॅलीच्या अगदी डोक्यावर एक जुनं रँच आहे. तिथे कॅफे नाही, वाय-फाय नाही, मोबाइलला धड रेंज नाही. आहेत त्या हिरव्या टेकड्या, काळ्याभोर गाई, गरुड आणि पंधरा किलोमीटरची शांतता. हातात काम नसलेल्या एका मंगळवारी केलेल्या भटकंतीची ही गोष्ट.

मंगळवारी सकाळी साडेसातला तुम्ही कुठे असता? बहुतेक कंपनीच्या बसमध्ये, कानात इअरफोन आणि डोळ्यांवर झोप. मीही तशीच असायचे. फरक इतकाच की माझी बस हिंजवडीला नाही, कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या एका ऑफिसला जायची.

२०२४ च्या एप्रिलमधल्या त्या मंगळवारी मात्र मी बसमध्ये नव्हते. कारण सोप्पं होतं, मला नोकरीच नव्हती. पंधरा मिनिटांचा एक व्हिडिओ कॉल झाला, समोरच्या बाईंनी दोनदा ‘थँक यू’ म्हटलं आणि संध्याकाळच्या आत माझं लॉगिन बंद. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. १ ते ६०. रोज सकाळी चहाच्या आधी एक आकडा खोडायचा. त्या दिवशी १७ खोडला.

घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आई आणि आप्पा माणदेशात, म्हसवडजवळच्या गावात राहतात. ‘काम कसं चाललंय?’ असं विचारलं की मी ‘मस्त’ म्हणायचे आणि विषय बदलायचे.

माझी रूममेट दादरची. तिनं त्या दिवशी मुद्दाम रजा टाकली. ‘दिवसभर लॅपटॉप उघडून बसलीस म्हणून नोकरी चालत येणार नाहीये. बूट घाल. डोंगरावर जाऊ.’ वाद घालण्याची ताकद नव्हती. घातले बूट!

घोड्यांसाठी बांधलेला घाट

सॅन होजेच्या पूर्वेला आलम रॉक अॅव्हेन्यू संपता संपता माउंट हॅमिल्टन रोड सुरू होतो. डोंगराच्या माथ्यावर लिक वेधशाळा आहे. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथली ३६ इंची दुर्बीण भिंगांच्या दुर्बिणींत जगात सगळ्यात मोठी होती. या वेधशाळेचं सामान घोडागाड्यांनी वर नेता यावं म्हणून १८७६ मध्ये हा रस्ता बांधला. घोडे दमू नयेत म्हणून चढ अगदी हलका ठेवला आणि त्याची भरपाई वळणांनी केली. आंबेनळी घाट ज्यांनी केलाय त्यांना काय ते समजेल. रूममेटनं अर्ध्या वाटेतच आवळासुपारी तोंडात टाकली.

आठेक मैल गेल्यावर डोंगरांच्या मधोमध एक पसरट दरी उघडते. हॉल्स व्हॅली. इथेच जोसेफ डी. ग्रँट काउंटी पार्क आहे. सँटा क्लारा काउंटीतलं हे सगळ्यात मोठं पार्क, दहा हजार एकरांच्या आसपासचं. म्हणजे मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या साधारण चाळीस टक्के. पण तिथे एका रविवारी जेवढी माणसं असतात तेवढी इथे महिन्याभरात तरी दिसत असतील का, शंकाच आहे.

या जमिनीचा इतिहास गुरांचाच आहे. कॅलिफोर्निया मेक्सिकोत होतं तेव्हा, १८३९ मध्ये, सरकारनं ही जमीन बर्नाल नावाच्या माणसाला गुरांसाठी दिली. पुढे ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रँट या व्यापारी घराण्याकडे आली. जोसेफ ग्रँट १९४२ मध्ये वारले, त्यांची मुलगी पुढची कित्येक वर्षं इथे राहिली आणि तिच्यानंतर, १९७५ मध्ये, काउंटीनं रँच विकत घेऊन लोकांसाठी पार्क केलं. लोकांसाठी केलं खरं, पण गुरांना हाकललं नाही. या एका निर्णयाचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. तो पुढच्या आठवड्यात कळला.

कन्यादान आणि खारी

ग्रँट लेकपाशी गाडी लावली. पार्किंगमध्ये आमच्याशिवाय एकच गाडी. दार लावल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

हॉल्स व्हॅली ट्रेल चढत जाते आणि धारेवर ‘कन्यादा दे पाला’ नावाच्या ट्रेलला मिळते. पाटीवरचं नाव वाचून रूममेट म्हणाली, ‘कन्यादान? तुझ्या आईनं लावलीय का ही पाटी?’ (‘कन्यादा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये दरी. आईचा काही संबंध नाही.)

एप्रिलमध्ये इथल्या टेकड्या हिरव्यागार असतात. पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे आपला श्रावण तो यांचा मार्च-एप्रिल. जूनपर्यंत सगळं गवत वाळून सोनेरी होतं. मध्ये मध्ये जुने ओक, हातपाय ताणून उभे असल्यासारखे. एका ओकच्या खोडाला वरपासून खालपर्यंत हजारो भोकं, आणि बऱ्याच भोकांत एकेक फळ ठोकून बसवलेलं! हे एकॉर्न वुडपेकर नावाच्या सुतारपक्ष्यांचं कोठार. अख्खं कुटुंब मिळून ते भरतं आणि मिळून राखतं. आमच्याकडे बघून त्यांनी जो कलकलाट केला त्याला तोड नाही.

पुढे पिवळ्या चोचीचा मॅगपाय दिसला. लांब शेपटीचा, काळा-पांढरा, ऐटबाज. हा पक्षी जगात फक्त कॅलिफोर्नियात आढळतो. टर्की रांगेनं रस्ता ओलांडून गेल्या, ऑफिसातली माणसं लंचला निघावीत तशा. एका उतारावर जमीन नांगरल्यासारखी उकरलेली होती, ती रानडुकरांची करामत. आणि जिथे बघावं तिथे खारी. आपल्यासारख्या झाडावरच्या नाहीत, बिळातल्या. दोन पायांवर उभ्या राहून पहारा देतात आणि वर गरुडाची सावली हलली की ‘चिक्’ करून गडप.

पाऊण तासानं लक्षात आलं की आम्ही दोघीही बोलत नव्हतो. भांडण वगैरे काही नाही. बोलायची गरजच वाटत नव्हती. सतरा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात इंटरव्ह्यूचे प्रश्न फिरत नव्हते.

फाटकाशी ट्रॅफिक जाम

धारेच्या थोडं खाली एक लोखंडी फाटक लागलं. असं फाटक आपण उघडायचं, आत जायचं आणि आठवणीनं परत लावायचं, हा नियम. आम्ही लावलं, वळलो आणि थबकलो.

बरोब्बर वाटेवर वीस-बावीस गाई. काळ्या कुळकुळीत, रुंद पाठीच्या. सोबत वासरं. काही बसलेल्या, काही उभ्या, आणि सगळ्या आमच्याकडे बघतायत.

रूममेट माझ्यामागे. ‘अगं, मारतील का या?’

‘शिंगं कुठायत त्यांना?’

‘नाहीयेत? मग ही गाय कशी?’

ही अँगस जात. जन्मतःच बिनशिंगी. लोकल पकडताना कोणाला न घाबरणारी ही पोरगी वासराला बघून माझ्या जॅकेटचं टोक धरून उभी होती. आणि मी? मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या गोठ्यात खिलार बैल असायचे. पांढरेशुभ्र, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं. लहानपणी मी त्यांच्या पायांतून पळत जायचे. घाबरायचं कसं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

‘घाई करू नकोस. पळू नकोस. वासरू आणि आई यांच्या मधे जायचं नाही. बोलत राहा, म्हणजे आपण चोरून येत नाहीये हे त्यांना कळतं.’ मी पुढे झाले. वाट सोडून उताराच्या बाजूनं मोठा वळसा घेतला. तोंडानं नकळत ‘हैक, हैक, हो बाजूला बाय’ सुरू झालं. कॅलिफोर्नियाच्या गाईला मराठी किती कळतं माहीत नाही, पण सगळ्यात पुढची उठली, शेपटी उडवली आणि दोन पावलं सरकली. बाकीच्या तिच्यामागे. ट्रॅफिक क्लिअर!

‘तू हे रेझ्युमेत का नाही लिहीत?’ रूममेट म्हणाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की एका वासरानं दचकून उडी मारली.

पण त्या हसण्यामागोमाग दुसरं काहीतरी आलं. २०१९ चा दुष्काळ आठवला. चारा नव्हता, पाणी नव्हतं, जनावरं छावणीत नेऊन बांधली होती. मी तेव्हा पुण्यात नोकरीला नवीन. दिवाळीला घरी गेले तर दावण रिकामी. आप्पांनी बैलजोडी विकली होती आणि मला सांगितलं नव्हतं. मी किती चिडले होते! ‘एक फोन करता आला नाही?’

गाईंच्या नोकरीची गोष्ट

त्या आठवड्यात मी जॉब साइट कमी आणि या गाईंबद्दल जास्त वाचलं. मला पडलेला प्रश्न साधा होता. वन्यजीवांसाठी राखलेल्या पार्कात गाई काय करतायत?

उत्तर असं की त्या कामावर आहेत. काउंटी पशुपालकांना करारानं जमीन चरायला देते. किती जनावरं, कुठे, किती दिवस हे ठरलेलं. थोडक्यात, कॉन्ट्रॅक्टवरच्या गाई!

त्यांच्या कामाचा फंडा समजून घ्यायचा तर आधी गवताकडे बघावं लागतं. ज्या हिरव्या टेकड्यांवर आम्ही भाळलो होतो, त्यांवरचं बहुतेक गवत मूळचं इथलं नाहीच. १७६९ पासून स्पॅनिश लोक गुरं घेऊन आले आणि त्या काळापासून भूमध्य समुद्राकाठची गवतं इथे पसरत गेली. हे गवत उंच वाढतं, दाट होतं आणि वाळून आडवं पडतं. त्याखाली इथली छोटी रानफुलं गुदमरतात. पूर्वी इथे एल्क नावाच्या मोठ्या हरणांचे आणि प्राँगहॉर्नचे कळप चरायचे, ओहलोनी लोक ठरवून गवत जाळायचे. ते कळप संपले आणि जाळणंही थांबलं. मग गवत खायचं कोणी? गाईंनी.

गवत आखूड राहिलं की बिळातल्या खारींचं फावतं, त्यांना दूरवरचं दिसतं. खारी वाढल्या की गरुडांची चंगळ. या दियाब्लो डोंगररांगेत गोल्डन ईगलची घरटी जगात सगळ्यात दाट असणाऱ्या भागांपैकी एक भाग आहे आणि त्यांचं मुख्य खाणं या खारीच. खारींच्या बिळांत टायगर सॅलॅमँडर वर्षाचा बराचसा काळ काढतो. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला, पालीसारखा दिसणारा हा बेडकाचा नातेवाईक. तो अंडी घालायला पाण्यात जातो. ती तळी कुठली? बरीचशी रँचवाल्यांनी गुरांना पाणी मिळावं म्हणून खणलेली! २००४ पासून कायद्यानं संरक्षण असलेला प्राणी गाईंच्या पाणवठ्यावर टिकून आहे.

आणि सगळ्यात सॉलिड गोष्ट फुलपाखराची. सॅन होजेच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर बे चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू आहे. १९८७ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत गेलं. त्याच्या अळ्या मुख्यतः एक बोटभर झुडूप खातात, आपल्या इसबगोलाच्या जातकुळीतलं. तिथली माती इतकी निकस की बाहेरचं गवत फारसं फोफावायचं नाही, म्हणून ते झुडूप टिकून होतं. मग हमरस्त्यांवर मोटारी वाढल्या. त्यांच्या धुरातला नायट्रोजन या टेकड्यांवर खतासारखा पडू लागला आणि गवत माजलं. स्टुअर्ट वाइस या शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये दाखवून दिलं की फुलपाखरांचं भलं व्हावं म्हणून जिथून गाई काढल्या तिथे गवतानं झुडूप गिळलं आणि फुलपाखरं गेली. जिथे गाई चरत राहिल्या तिथे ती राहिली.

म्हणजे बघा, हमरस्त्यावरून रोज ऑफिसला जाणारे आम्ही हजारो लोक नकळत डोंगरावर खत टाकत होतो. आणि ते निस्तरायचं काम गाई करत होत्या.

गाय म्हणजे जादूची कांडी नाही, हेही खरं. जास्त गुरं घातली की ओढ्यांचे काठ तुडवले जातात, ओकची रोपं खाल्ली जातात. म्हणून तर आकडे ठरवलेले असतात आणि ओढ्यांना जागोजागी कुंपण असतं. शिवाय वाळलेलं गवत म्हणजे आगीला आमंत्रण. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून लागलेल्या आगींत या डोंगररांगेतलं जवळपास चार लाख एकर रान जळालं. तेव्हापासून ‘गाईंनी गवत खाऊन टाकलेलं बरं’ हे शहरातल्या लोकांनाही पटू लागलंय.

धारेवर

फाटकानंतर तासाभरानं आम्ही अँटलर पॉइंटवर पोचलो. उंची सुमारे ३००० फूट. एका बाजूला लिक वेधशाळेचे पांढरे घुमट. दुसऱ्या बाजूला खाली सगळी सिलिकॉन व्हॅली, धुरकट आणि चपटी. माझं जुनं ऑफिस शोधायचा प्रयत्न केला. सापडलं नाही. एवढ्या वरून सगळ्या इमारती सारख्याच दिसतात.

डब्यातल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी काढली. खाली एका उतारावरून एक कायोटी दुडक्या चालीनं गेला. गाईंच्या कळपाच्या कडेनं, अगदी वीस फुटांवरून. वासरांच्या आयांनी फक्त माना वळवल्या. त्यानंही ढुंकून पाहिलं नाही, त्याला खारी हव्या होत्या.

एल्क काही दिसले नाहीत. पण त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकार आणि शेती यांमुळे १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातले ट्यूल एल्क संपल्यातच जमा होते. उरलेले मोजके काही सापडले ते हेन्री मिलर नावाच्या गुरांच्या बड्या मालकाच्या जमिनीवर, आणि त्यानं त्यांना हात लावू दिला नाही. आज ते पाच हजारांहून जास्त आहेत. १९७८ पासूनच्या काही वर्षांत सरकारनं या हॅमिल्टन परिसरातही काही आणून सोडले.

उतरताना तेच फाटक लागलं. गाई केव्हाच टेकडीपलीकडे गेल्या होत्या. या वेळी फाटक रूममेटनं लावलं, दोनदा हलवून बघितलं.

एक फोन

रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, आप्पांना फोन लावला. ते गोठ्यातच होते. आता तिथे एकच गाय आहे. मी फाटकापाशी भेटलेल्या कळपाचं सांगितलं.

‘दूध किती देत्यात?’

‘दूध काढत नाहीत, आप्पा. नुसतं चरायचं. तेच त्यांचं काम.’

‘आन् पगार?’ ते खो खो हसले.

त्या हसण्यातच मी बोलून टाकलं. ‘आप्पा, माझी नोकरी गेलीय.’

थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘कधी?’

‘सतरा दिवस झाले.’

‘सतरा दिस एकलीच घिऊन बसलीस व्हय?’ मी काही बोलले नाही. पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज आला. ‘मी बी तुला बैलांचं सांगितलं न्हवतं,’ आप्पा म्हणाले. ‘तू चिडलीस. बरोबर हुतं तुझं.’

मग आईनं फोन हिसकावून घेतला आणि पुढचा अर्धा तास मी काय काय जेवते यावर चर्चा झाली.

शेवट गोड वगैरे झाला म्हणाल तर नाही. साठ दिवसांत नोकरी मिळाली नाही. ५८ व्या दिवशी मी विमानात बसले. आता पुण्यात बाणेरला राहते आणि पुन्हा कंपनीच्या बसनं जाते. पण फ्रिजवर कागद नाही, आणि आप्पांशी बोलताना ‘मस्त’ हा शब्द मी जपून वापरते.

सासवडच्या बाजूला गेले की आता माझं लक्ष माळांकडे जातं. आपण ज्याला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो, त्या गवतावर धनगरांची मेंढरं चरतात आणि त्याच माळावर लांडगेही राहतात. कागदोपत्री पडीक असलेल्या त्या जागेवर किती जण ड्युटीवर असतात, ते बघायला एक दिवस रजा टाकायला हरकत नाही.

जायचंय? हे लक्षात ठेवा

कधी: मार्च-एप्रिल बेस्ट. उन्हाळ्यात धारेवर सावली जवळजवळ नाही.

किती: ग्रँट लेकपासून अँटलर पॉइंटला जाऊन-येऊन साधारण १५ किलोमीटर. अख्खा दिवस हाताशी ठेवा.

सोबत काय: भरपूर पाणी, टोपी, लांब पँट. वाटेत प्यायचं पाणी मिळेल असं धरू नका. परतल्यावर गोचीड चिकटलीय का बघा. ऊन तापलं की वाटेवर रॅटलस्नेकही येतो, तेव्हा पायाखाली नजर हवी.

गाई दिसल्या तर: लांबून वळसा घ्या, हळू चाला, आवाज करत राहा. आई आणि वासराच्या मधून जाऊ नका. वासराबरोबर सेल्फी तर नकोच.

फाटक: उघडलंत तर लावा. त्या पलीकडे कोणीतरी कामावर आहे.